पाच वर्षांची भिंत आणि कलम ३७

सीमाभागात एखाद्या फार्मासिस्टचं नाव राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरमधून कमी झालं की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं: आपण महाराष्ट्रात असतो तर हे झालं नसतं. दुसरं: इंग्लंडमध्ये बघा, तिथं माणसाला न्याय मिळतो. तिसरं जरा हळू आवाजात: एकदा गेलं ते गेलं, आता कोल्हापूरला नाहीतर गोव्याला जाऊन नवीन रजिस्ट्रेशन काढायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीहून ही वाक्यं फोनवरून इथं ब्रिटनमध्ये आमच्यापर्यंत पोचतात. तिन्ही चुकीची आहेत, आणि तिसरं तर माणसाला आणखी खोल खड्ड्यात घालणारं आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. फार्मासिस्टचं नाव रजिस्टरवर चढवणं, कमी करणं आणि परत चढवणं हे सगळं १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चालतं. कायदा केंद्राचा आहे. बेंगळुरूच्या कौन्सिलला जी कलमं लागू, तीच मुंबईच्या कौन्सिलला. निपाणीतून कागलला गेलं म्हणून कलम बदलत नाही. सीमाप्रश्न खरा आहे, त्यावरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल इथं राहणाऱ्यांच्याही भावना तीव्र आहेत. पण गेलेलं नाव त्या दाव्याच्या निकालानं परत येणार नाही. ते एका अर्जानं येतं, आणि तो अर्ज नीट लिहावा लागतो.

आधी बघायचं ते हे, की नाव कुठल्या कलमाखाली गेलं. लोक हे विचारतच नाहीत. कलम ३४ खाली गेलं असेल तर फी थकली एवढाच अर्थ. नूतनीकरणाची फी कायद्यानं त्या वर्षाच्या १ एप्रिलच्या आत भरायची असते. भरली नाही तर रजिस्ट्रारनं नाव कमी करायचं, आणि ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की ते परत चढवता येतं. यात कलंक काही नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार पाच वर्षांत निदान दोन रिफ्रेशर कोर्स, प्रत्येकी किमान एक दिवसाचा, झालेले लागतात. त्यांची प्रमाणपत्रं जपून ठेवली नसतील तर सोपं काम अवघड होऊन बसतं.

सीमाभागात हे सोपं काम अडतं ते बहुतेक नावापाशी आणि पत्त्यापाशी. जुन्या प्रमाणपत्रावर जिल्हा 'बेळगाव', आधारवर 'बेळगावी', कारण शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. दहावीच्या मराठी माध्यमाच्या दाखल्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण; डी.फार्मच्या मार्कलिस्टवर वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर, तेही कधी पुढं तर कधी मागं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची तर तीन कागदांवर तीन नावं. फीची पावती फाडण्याआधी 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून घ्यावं, आणि त्यात प्रत्येक कागदावर जसं छापलंय तसंच, टिंबासकट, नाव लिहावं. पत्त्याचं तर विचारूच नका. नोटीस रजिस्टरवरच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता वीस वर्षांपूर्वीचा, गावातल्या जुन्या घराचा. घराला कुलूप, पाकीट परत, आणि सुनावणी माणसाच्या अपरोक्ष. पत्ता बदलला की कौन्सिलला लेखी कळवून पोच घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेच राहून जातं.

कलम ३६ वेगळं. नोंदणी चुकीनं झालेली, खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून झालेली, गुन्ह्यात शिक्षा झालेली, किंवा व्यवसायाला काळिमा लावणारं वर्तन, अशा कारणांनी कौन्सिलची कार्यकारी समिती चौकशी करून नाव कमी करू शकते. दुकान फार्मासिस्टच्या मालकीचं असेल तर त्याच्या नोकराच्या कृत्यासाठीही, त्याला फूस दिली किंवा काणाडोळा केला असं ठरलं तर, मालकाचं नाव जाऊ शकतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण घरच्या चर्चेत ती कुणी काढत नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एखाद्या मेडिकलमध्ये फ्रीजच्या वर चौकटीत प्रमाणपत्र टांगलेलं असतं. खाली खुंटीला पांढरा एप्रन, इस्त्रीची घडी तशीच. ज्याचं ते प्रमाणपत्र, तो महिनोन्महिने दुसऱ्या राज्यात नोकरीला. काउंटरवर बारावी झालेला मुलगा रक्तदाबाच्या गोळ्या देतोय. याला गावात 'सर्टिफिकेट लावणं' म्हणतात आणि दरमहा मिळणाऱ्या रकमेला भाडं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची, हा १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ आहे आणि फार्मसी कायद्याचं कलम ४२ ही तेच सांगतं. सारख्या दिसणाऱ्या नावांची दोन औषधं अदलाबदल झाली की नुकसान त्या मुलाचं होत नाही, घरी जाऊन गोळी घेणाऱ्या आजीचं होतं. असं भाडं घेऊन नाव गेलं तर तो मराठी माणसावरचा अन्याय नव्हे.

आणि दुकानाचं लायसन्स वेगळं, माणसाचं रजिस्ट्रेशन वेगळं. लायसन्स औषध नियंत्रण खातं देतं. ते निलंबित किंवा रद्द झालं तर नियम ६६ नुसार तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील. रजिस्ट्रेशन कौन्सिलचं. एका हातात दोन आदेश आले की माणूस गोंधळतो आणि एकाच अर्जात दोन्ही मागतो. तो अर्ज दोन्हीकडून परत येतो.

कलम ३६ चा आदेश आला तर पुढचा हिशेब तारखांचा आहे. समितीचा आदेश लगेच लागू होत नाही. कौन्सिलनं तो कायम करावा लागतो, आणि कायम केल्यापासून तीन महिने उलटेपर्यंत तो अमलात येत नाही. कायम केल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. किती काळ पुन्हा नोंदणी मिळणार नाही हेही आदेशात लिहिलेलं असू शकतं, म्हणून शेवटचं पान आधी वाचावं. तीन महिने संपले की औषध द्यायचं नाही, बिलावर सही करायची नाही, आणि ज्या दुकानाच्या लायसन्सवर आपलं नाव आहे तिथून बाहेर पडल्याचं औषध नियंत्रण खात्याला लेखी कळवायचं. या काळात झालेली एक सही पुढचा अर्ज बुडवते.

मग कलम ३७. पुरेशी कारणं दिसली तर कौन्सिल 'कधीही' नाव परत चढवू शकतं, ठरलेली फी घेऊन. पण त्याच कलमात एक परंतुक आहे: राज्य सरकारनं अपील फेटाळलं असेल, तर कौन्सिलनं नाव परत चढवायचं ठरवलं तरी सरकारनं मंजुरी दिल्याशिवाय ते लागू होत नाही. म्हणजे रागाच्या भरात केलेलं कमकुवत अपील पुढच्या दारावर आणखी एक कुलूप लावून ठेवतं. आदेशातली वस्तुस्थितीच चुकीची असेल, किंवा म्हणणं मांडायची संधीच दिली नसेल, तर अपील जरूर करावं. सुनावणीच झाली नसेल तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिकेचीही वाट आहे, तिथं जायला बेंगळुरूचा ५०० किलोमीटरचा प्रवास नाही. पण चूक झाली असेल आणि पुराव्यानं सिद्ध असेल, तर वकिलानं 'करून तर बघू' म्हटलं तरी हात आखडावा आणि कलम ३७ च्या अर्जाची तयारी करावी.

कोल्हापूर-गोव्याची वाट का बंद आहे ते आता कळेल. कर्नाटकात नाव गेल्याचं लपवून दुसऱ्या राज्यात नोंदणी केली, तर ती महत्त्वाची गोष्ट लपवून केलेली नोंदणी ठरते. म्हणजे कलम ३६ चं पहिलंच कारण आपण स्वतःच्या हातानं तयार करून दिलं. आधीची चूक कदाचित निष्काळजीपणाची होती. आता ती अप्रामाणिकपणाची झाली. निष्काळजीपणातून माणूस परत येतो. अप्रामाणिकपणातून परत येणं दोन्ही देशांत फार जड जातं.

आता इंग्लंडमधल्या न्यायाबद्दल. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या फार्मासिस्टांचं रजिस्टर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे असतं. दरवर्षी फीसोबत सहा नोंदी द्याव्या लागतात: शिकण्याच्या चार, सहकाऱ्याशी केलेल्या चर्चेची एक, स्वतःच्या कामाच्या परीक्षणाची एक. त्या टाळल्या तरी नाव जाऊ शकतं. गैरवर्तनात समिती ताकीद देते, काम करण्यावर अटी घालते, १२ महिन्यांपर्यंत निलंबित करते किंवा नाव काढून टाकते. वरच्या कोर्टात अपिलाला २८ दिवस. आणि नाव काढलं, तर पाच वर्षं परत येण्यासाठी अर्जसुद्धा करता येत नाही. आई आजारी होती, कर्ज होतं, मुलं लहान होती, काही चालत नाही. पाच वर्षांनी अर्ज केला आणि नाकारला, तर पुढच्याला आणखी १२ महिने थांबायचं. आपण योग्य आहोत हे सिद्ध करण्याचा भार पूर्ण आपल्यावर. निकाल आपल्या नावासकट जाहीर.

त्यामानानं आपला कायदा उदार आहे. 'कधीही' हा शब्द ब्रिटनमधल्या नाव काढलेल्या फार्मासिस्टला सोन्यासारखा वाटेल. मग तरी इथं जास्त न्याय मिळतो असं का वाटतं? कारण समिती काय बघणार हे इथं आधीच छापून ठेवलेलं असतं, आणि निकालात प्रत्येक मुद्द्यावर कारण लिहिलेलं असतं. आपल्याकडे 'पुरेशी कारणं' म्हणजे कोणती, हे अर्जदाराला कुणी सांगत नाही. भिंत नाही, पण पाटीही नाही. सीमाभागातल्या संघटनांनी मागावी ती ही पाटी: कलम ३७ च्या अर्जासाठी निकष, कागदांची यादी, निर्णयाची मुदत आणि कारणांसहित आदेश.

तोवर इथले निकष उधार घेऊन अर्ज लिहायला कुणाची हरकत नसावी. पहिल्या परिच्छेदात काय झालं ते तारखांसकट, आडपडदा न ठेवता. दुसऱ्यात त्यानं रुग्णाला काय धोका झाला, हे स्वतःच्या शब्दांत. हा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतोच. मग मधल्या काळात काय शिकलो, प्रमाणपत्रांसह. आणि परत तसंच होऊ नये म्हणून काय बदललं: भाड्याचा करार मोडल्याचा कागद, नव्या मालकाचं कामाच्या वेळा लिहिलेलं पत्र. घरची हलाखी एका ओळीत पुरे. नगरसेवकाचं 'सदर इसम सज्जन आहे' हे पत्र जोडू नये. आदेश स्वतः वाचलेल्या ज्येष्ठ फार्मासिस्टनं 'मला हे प्रकरण ठाऊक आहे आणि तरीही मी यांना काउंटरवर उभं करीन' असं लिहिलं, तर ते एक पत्र दहा पत्रांच्या बरोबरीचं. इथल्या समित्याही आरोप न जाणता लिहिलेल्या शिफारशींना फारसं वजन देत नाहीत.

भाषेच्या बाबतीत मात्र घरचा राग रास्त आहे, आणि त्याला आधार वेल्समध्ये सापडतो. लंडनमध्ये बसणाऱ्या या कौन्सिलला वेल्श भाषेची मानकं कायद्यानं लागू आहेत. २०२२ च्या नियमांनी आरोग्य व्यवसायांच्या नियामकांना त्यात आणलं. वेल्शमध्ये पत्र लिहिलं तर वेल्शमध्ये उत्तर द्यायचं. त्यानं पाच वर्षांतला एक दिवसही कमी होत नाही, पण आपल्यावर काय आरोप आहे ते माणसाला आपल्या भाषेत कळतं. आपल्या घटनेचं कलम ३५० प्रत्येकाला गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क देतं. तो वापरावा: नोटीस मराठीत मिळावी, असं गाऱ्हाणं मराठीत लिहून पोच घ्यावी. पण कलम ३७ चा स्वतःचा अर्ज इंग्रजीत द्यावा, मराठी प्रत सोबत जोडावी. ज्याची रोजीरोटी टांगणीला आहे, त्याच्या अर्जाला चळवळीचा झेंडा करू नये. झेंडा धरायला इतर पुष्कळ आहेत.

परदेशात असलेल्यांसाठी एक शेवटचं. इथं नोंदणी झाली म्हणून गावाकडची फी सोडून देणारे खूप. मग कॅनडाला किंवा दुसरीकडे जायचं ठरलं की मूळ कौन्सिलकडून नोंदणीचं पत्र मागतात, आणि त्यात 'नाव कमी केलं आहे' एवढंच येतं. वाचणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला ते शिस्तभंगासारखं दिसतं. दुसऱ्या देशातल्या नियामकाचा शिस्तभंगाचा निर्णय ब्रिटनमध्येही कारवाईचं कारण ठरू शकतो, त्यामुळे हा घोळ अंगाशी येतो. पत्र मागतानाच अर्जात लिहावं: नाव कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेला कमी झालं, आणि कलम ३६ खाली कारवाई झाली आहे की नाही, हे पत्रात नमूद करावं. आधी थकलेली फी भरून नाव परत चढवून घेतलं, तर हे लिहून घ्यायची वेळच येत नाही.