ताई कम्युनियनला उठत नाही

मागच्या महिन्यात आमच्या वसईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस वाद चालला होता, नात्यातल्या एका ताईने मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून कोर्टात जाऊन घटस्फोट घेतला म्हणून. बहुतेकांचं उत्तर एकच, "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये", बायबलमधलं मत्तय १९:६, पुढे बोलायचंच नाही. आणि आता तिला कम्युनियन, म्हणजे मिस्सात (आमच्या चर्चमधल्या उपासनेत) रांगेत जाऊन घ्यायचा पवित्र प्रसाद बंद, हेही सगळ्यांनी धरूनच चाललेलं, तिने स्वतःसुद्धा! मिस्साला ती शेवटच्या बाकावर बसते, सगळे रांगेत गेले तरी ती उठत नाही.

मी नऊ वर्षं डब्लिनला आहे, इथे बसून हे वाचताना फार लागलं. कारण कॅथलिक चर्चची शिकवण अशी नाहीच. घटस्फोट झाला पण दुसरं लग्न केलं नाही, तर निव्वळ घटस्फोटामुळे कम्युनियन बंद होत नाही. अडचण येते ती दुसऱ्या लग्नाने, कारण चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून टिकून असतं. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ११५३ कलम तर स्पष्ट म्हणतं की जोडीदारापासून तुमच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं, आणि थांबण्यात धोका असेल तर कुणाला न विचारताही निघता येतं. मग ताईने नेमकं काय तोडलं?

इथे आयर्लंडमध्ये १९३७ च्या राज्यघटनेतच घटस्फोटाला बंदी होती. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी ती राखली, १९९५ ला उठवली ती फक्त ९,११४ मतांच्या फरकाने. आमच्या शेजारच्या आजी रोज मिस्साला जाणाऱ्या, त्यांनी तेव्हा विरोधात मत दिलं होतं, पण २०१९ ला घटस्फोटाआधी वेगळं राहण्याची मुदत कमी करायचं सार्वमत झालं तेव्हा बाजूने दिलं, कारण मधल्या वर्षांत सख्ख्या बहिणीचे हाल त्यांनी बघितले. त्यात ८२ टक्के लोक बाजूने होते. तरी युरोपात घटस्फोटाचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्या देशांत आयर्लंड आहेच. हां, इथली चर्चं रिकामी होत चाललीत हेही खरं, आणि वसईचं तसं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. लग्न आयुष्यभराचं असतं यावर माझा मनापासून विश्वास आहे.

पण आपल्याकडे ओझं कायम बाईवरच. भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचारासोबत छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी आणखी सिद्ध करावं लागायचं. मुंबई हायकोर्टाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, संसदेने कायदा बदलला २००१ मध्ये, म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं गेली. आणि अजूनही कितीजणांना वाटतं की चर्चच्या ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाने, लग्न रद्द ठरवलं की झालं, तर तसं नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुन्हा सांगितलंय की कायद्याने सुटायला कोर्टातच जावं लागतं.

ताईला मी फोन केला, तर म्हणाली, "तू तिकडे राहतेस गो, म्हणून तुला असं वाटतं." तिला माझ्या तोंडून नाही, आपल्या चर्चमध्ये ऐकायचंय. म्हणून आपल्या धर्मगुरूंना हात जोडून विनंती, मत्तय १९ जेव्हा वाचाल त्या रविवारी प्रवचनात ११५३ कलमही सांगा, सगळे बसलेले असताना.