तीन ओळींची थाप

प्रोग्रामच्या सोर्स कोडच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुराच्या, गाठोड्यात 'इन्स्टॉल' नावाची एक फाइल असते. आत तीन ओळी: कॉन्फिगर चालवा (ते मशीन तपासतं), मेक म्हणा (तो सोर्समधून प्रोग्राम बांधतो), मेक इन्स्टॉल म्हणा. झालं! शिवाय पहिल्याच परिच्छेदात ऐटीत लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर पोर्टेबल, म्हणजे कुठल्याही सिस्टिमवर चालणारं, आहे. डोंबलाचं पोर्टेबल! लिनक्सच्या एका डिस्ट्रोवरून (अवतारावरून) दुसरीवर चाललं म्हणून पोर्टेबल म्हणायचं, तर पणजीहून पर्वरीला गेलेल्यानेही परदेशवारी झाल्याचं सांगावं. मधे मांडवीचा पूल लागतो ना!

फोंड्याच्या दुकानात, डिचोलीच्या शाळेत, म्हापशाच्या सीएच्या ऑफिसात बहुतेक विंडोजच असतं आणि तिथे चालेल अशी एक्सई, म्हणजे विंडोजचा तयार प्रोग्राम, हवी असते. हे सांगितलं की कुणीतरी शहाणा म्हणतोच, "लिनक्स घाल." दुकानदाराने हिशेबाचं पॅकेज फेकून द्यायचं का, तुमच्या एका प्रोग्रामपायी? दुसरा म्हणतो, "डब्ल्यूएसएल वापर." डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. तिच्यात नेहमीच्या जीसीसीने (सोर्सचा प्रोग्राम करणाऱ्या कंपायलरने) बनतं ते लिनक्सचं बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम. पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेलंत तर विंडोज त्याला ओळखही देत नाही. आणि सोर्स सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएल २ मधून कंपाइल करायला बसलात, तर एकेक फाइल दोन सिस्टिम्सच्या मधल्या अरुंद वाटेने येते. डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरात मिंगडब्ल्यूचा क्रॉस-कंपायलर (लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई बनवणारा) घालून, कॉन्फिगरला होस्ट (प्रोग्राम चालणार ती सिस्टिम) विंडोज आहे असं सांगून काम होतं, पण हे सांगायला कुणी थांबत नाही. सल्ला फेकायचा आणि पुढे जायचं.

मग येतं एमसिस २, विंडोजवरच लिनक्ससारखी हत्यारं देणारं पॅकेज. इथे पहिला खड्डा असा की त्याचे शेल (कमांड टाइप करायच्या खिडक्या) अनेक आणि दिसायला सगळे सारखे. स्टार्ट मेनूतून 'एमसिस' उघडून पॅकमॅनला, म्हणजे त्याच्या पॅकेज बसवणाऱ्याला, नुसतं 'जीसीसी' मागितलंत, तर जो प्रोग्राम तयार होईल तो एमसिसच्याच डीएलएलला (सोबत लागणाऱ्या लायब्ररी फाइलीला) जन्मभर बांधलेला. हवा असतो 'यूसीआरटी ६४' नावाचा शेल आणि लांबलचक नावाचं पॅकेज: मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी. शेलला 'व्हिच जीसीसी' विचारा. उत्तर यूसीआरटी६४ च्या बिन फोल्डरातलं हवं. यूएसआर-बिनमधलं आलं तर तिथेच थांबा, पुढचे दोन तास वाचतील.

आता कॉन्फिगर. ही काही हजार ओळींची शेल स्क्रिप्ट. ती शेकडो वेळा एक चिमुकला सी प्रोग्राम लिहिते, कंपाइल करते, कधी चालवून बघते, पुसते. लिनक्सवर अर्ध्या मिनिटाचं काम. विंडोजला फोर्क (चालत्या प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत काढणं) ठाऊकच नाही, म्हणून सिगविन (एमसिसचा थोरला भाऊ) आणि एमसिस त्याची नक्कल करतात: नवी प्रोसेस उभी करायची, आईची सगळी मेमरी तिच्यात ओतायची, प्रत्येक डीएलएल त्याच पत्त्यावर बसली की नाही हे बघायचं. आणि हे प्रत्येक ग्रेपला, प्रत्येक सेडला, स्क्रिप्ट बोलावते त्या प्रत्येक छोट्या प्रोग्रामला! वर डिफेंडर, विंडोजचा अँटिव्हायरस, प्रत्येक नव्या कॉन्फटेस्ट-एक्सईला, म्हणजे त्या चिमुकल्या प्रोग्रामला, पोलीस चौकीवर थांबवावं तसं थांबवून तपासतो. रायबंदरची फेरीबोट चोडणला जाऊन परत येते तरी हे आपलं 'चेकिंग फॉर... येस', 'चेकिंग फॉर... नो' चालूच. बिल्डचा फोल्डर, फक्त तेवढाच, डिफेंडरच्या वगळण्याच्या यादीत घाला. फरक डोळ्यांना दिसतो. गाठोडं जुनं असेल तर इथवरही पोचत नाही, 'कॅनॉट गेस बिल्ड टाइप' म्हणून आडवं पडतं. त्यातल्या कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या मशीन ओळखणाऱ्या दोन फाइली तुमच्या ऑटोमेकच्या (कॉन्फिगरचा सरंजाम तयार करणाऱ्या हत्याराच्या) फोल्डरातल्या ताज्या फाइलींनी बदला.

सगळ्यात संताप येतो तो ओळीच्या शेवटाचा. गिट फॉर विंडोजचा (सोर्स उतरवून घ्यायच्या हत्याराचा) इन्स्टॉलर नेक्स्ट-नेक्स्ट करत बसवला की 'ऑटोसीआरएलएफ' आपोआप चालू, आणि क्लोन करताना, म्हणजे सोर्स उतरवताना, ओळीच्या शेवटी लिनक्सच्या एलएफ या खुणेच्या जागी विंडोजची सीआर-एलएफ ही जोडी येते. शेल स्क्रिप्टची पहिली ओळ 'बिन-एसएच' राहत नाही, 'बिन-एसएच आणि एक न दिसणारं अक्षर' होते. मग 'बॅड इंटरप्रिटर' आणि मागे टोपी घातलेला एम (^M). हा एम दिसला तरी नशीब. पुष्कळदा तो सीआर कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो, उरलेला मजकूर आधीच्यावर छापला जातो आणि पडद्यावर नुसतं एक अवतरणचिन्ह आणि 'नॉट फाउंड' उरतं. काय नॉट फाउंड? कुणास ठाऊक! ऑटोसीआरएलएफचं सेटिंग 'इनपुट' करा, पण तेवढ्याने आधीच डिस्कवर आलेल्या फाइली सुधारत नाहीत. फोल्डर उडवून पुन्हा क्लोन करा.

रस्त्यातल्या बाकीच्या दगडांना नुसती ठेच लागते असं समजा. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर मेक कोलमडतो. 'प्रोग्राम फाइल्स' किंवा नाव-आडनाव असलेल्या युजर फोल्डरात सोर्स ठेवूच नका. 'ऑक्स-डॉट-सी' नावाची फाइल गाठोड्यात असेल तर विंडोज १० आणि त्याआधीच्या विंडोजवर ती नीट उघडतच नाही, कारण ऑक्स हे नाव डॉसच्या काळापासून राखीव. फाइलीचा पाथ, म्हणजे फोल्डरांसकट पूर्ण नाव, २६० अक्षरांच्या पुढे गेला की आणखी एक रुसवा.

पावसाळ्यात वीज गेली तर तिची वेगळी कथा. मधेच मशीन बंद पडलं की अर्धवट किंवा शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने केलेला प्रोग्रामचा तुकडा) मागे राहते. मेक बघतो फक्त तारीख-वेळ. त्याच्या लेखी ती ताजीच. शेवटी हे तुकडे जोडणारा लिंकर 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' म्हणून बोंबलतो. शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून उडवा, तरी रडतच असेल तर 'मेक क्लीन' म्हणून सगळे तुकडे पुसा. यूपीएस असेल तर तो मॉनिटरच्या आधी सीपीयूला जोडा.

कंपाइल सुरू झालं की लेखकमहाशयांची गृहीतकं बाहेर पडू लागतात. मिंगडब्ल्यूत लिनक्सवर हमखास मिळणारं सिस-वेट नाही, टर्मिऑस नाही, एममॅप नाही. फोल्डर बनवणारं मेक-डिर एकच आर्ग्युमेंट घेतं. सॉकेटसाठी, म्हणजे नेटवर्कच्या कामासाठी, विनसॉक २ चं हेडर विंडोजच्या हेडरच्या आधी, डब्ल्यूएसए-स्टार्टअप आधी बोलवायचं, आणि बंद करताना क्लोज नव्हे, क्लोज-सॉकेट. फाइल बायनरी मोडमध्ये उघडली नाही तर २६ क्रमांकाचा बाइट येताच वाचन संपतं. चित्राची फाइल निम्मीच का आली म्हणून लोक डिस्कला शिव्या देतात. हे सगळं निदान लवकर उघडकीला येतं. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, 'लाँग' या पूर्णांकात कोंबणारे मात्र भयंकर. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा. अर्धा पत्ता कापला जातो, कंपायलर वॉर्निंगही देतो, आणि मेकफाइलमध्ये ती वॉर्निंग गप्प करणारा फ्लॅग लेखकाने आधीच घालून ठेवलेला! याला काय म्हणायचं?

लिंक करताना विनसॉकची लायब्ररी 'लिब्स' या सेटिंगमध्ये लिहा. 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये लिहिलीत तर ती ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येते आणि लिंकर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. डीएलएल हवी असताना लिबटूल (लायब्ररी बांधणारं हत्यार) 'फक्त स्टॅटिक बनवतो', म्हणजे एक्सईच्या पोटात जाणारी लायब्ररी, म्हणत असेल, तर 'नो-अनडिफाइन्ड' हा फ्लॅग मेकच्या वेळी द्या. कॉन्फिगरच्या वेळी दिलात तर तो थेट जीसीसीकडे जातो, जीसीसीला तो कळत नाही, आणि निदान येतं काय? तर 'कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही'. धडधाकट कंपायलरवर आळ!

एवढं करून एक्सई तयार होते, तुमच्याकडे चालते, फोंड्याला नेली की म्हणते लिबविनपीथ्रेड ही डीएलएल सापडत नाही. एलडीडी (लागणाऱ्या डीएलएलची यादी देणारी कमांड) चालवून यूसीआरटी६४ मधल्या जेवढ्या डीएलएल दिसतील तेवढ्या एक्सईच्या शेजारी ठेवा, नाहीतर स्टॅटिक लिंक करा.

मग दुकानदार त्याचा फोल्डर उघडतो. नाव देवनागरीत: 'माटोळी'. प्रोग्रामच्या हाती येतात प्रश्नचिन्हं, ओळीने. विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजांत (अक्षरांच्या तक्त्यांत) देवनागरीला कधी जागाच दिली गेली नाही. मराठी लोकेल (भाषेचं सेटिंग) पहिल्यापासून युनिकोडपुरतं, आणि साध्या मेन या सुरुवातीच्या फंक्शनमधून येणारी नावं मात्र त्या कोडपेजातून गाळून येतात. उपाय आहे: एक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) 'ॲक्टिव्ह कोडपेज' यूटीएफ-८ लिहायचं. ते विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून पुढे चालतं, आणि यूसीआरटीवर, म्हणजे विंडोजच्या नव्या सी लायब्ररीवर, बांधलेलं असेल तरच धड चालतं. जुन्या एमएसव्हीसीआरटीवर बांधलं असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, कॉन्फिगरसकट. 'इन्स्टॉल' फाइलीत याबद्दल चकार शब्द नसतो.