हेल्मेटांचा दिवाणखाना

वाड्यात राहायला मिळणार म्हणून मी ऑफिसच्या शिबिराला हो म्हणालो. नाहीतर दोरीला लोंबकळायची हौस या वयात कुणाला असते? नाशिकजवळ दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध कुण्या सरदाराचा जुना वाडा आहे आणि तिथे हल्ली साहसी शिबिरं चालतात, एवढंच आमच्या एचआरच्या मॅडम बोलल्या होत्या. इंदिरानगरच्या वन बीएचकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

वाडा देखणाच निघाला. दगडी जोतं, सागवानी खांब, चौकात तुळस. कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, तरी भिंत संपेना.

"आपली खोली कुठली?" मी विचारलं.

विशीतल्या इन्स्ट्रक्टरने दिवाणखाना उघडला. आत हेल्मेटं बैठकीला बसल्यासारखी ओळीने मांडलेली. पगड्यांच्या खुंट्यांवर लाइफ जॅकेटं, झोपाळ्याच्या कड्यांत दोरांची वेटोळी.

"हे स्टोअर आहे, सर. तुम्ही तंबूत."

"का पण?"

"आउटडोअर आहे ना, सर."

पेशवाईत घरी बिनसलं की माणसं नाशिककडे येत. थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई गंगापूरला राहिल्या, काका राघोबादादा आनंदवल्लीला. पण रुसायलाही स्वतःचा वाडा लागतो. मी तंबूच्या खुंट्या ठोकत रुसलो.

दिवसभराचं फार सांगत नाही. दोरीने भिंत चढायची होती. दिंडोरीच्या अलीकडे रामशेज किल्ला आहे; १६८२ पासून मुघल फौजेला तो वर्षानुवर्षं दाद देत नव्हता, आणि तिच्याकडे तोफा होत्या. मी चार फुटांवर अडकलो, खालून अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट "कम ऑन सर" ओरडत होतं, आणि मग मला खाली घेतलं.

खरी परीक्षा रात्री. डिसेंबरातली दिंडोरी! तंबूच्या कापडावर दव, आत माझे दात वाजताहेत. शेकोटी पेटवायला मनाई, का तर वाडा जुना, लाकडी. पहाटे तीनला बाहेर आलो तर शेजारच्या बागेत जागोजागी जाळ. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून बागाईतदार शेकोट्या पेटवतात, ठिबकने विहिरीचं कोमट पाणी सोडतात. म्हणजे द्राक्षांना शेक, हेल्मेटांना दिवाणखाना, आणि बावीस वर्षं सर्व्हिस झालेल्या अकाउंटंटला नायलॉनचं कापड.

कुंपण ओलांडलं. (दिवसभरातलं माझं एकमेव यशस्वी साहस.)

"वाड्यावरचे ना?" बागवाले दादा म्हणाले. "या, बसा. पाय तेवढे ठिबकच्या नळीवर देऊ नका."

जाळापाशी आधीच दोघं होती. शालीत गुरफटलेल्या मॅडमनी माझ्याकडे बघायचं टाळलं. इन्स्ट्रक्टर मुकाट्याने बाजूला सरकला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

"कान गार पडतात, सर," तो म्हणाला.