दोन बोटं ठेवून ‘सरकलेलं’ हाड सापडत नाही

एक बोट कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर ठेवा, दुसरं मागच्या खळीपाशी. पुढचं बोट खाली आलं, तर तुमची श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कडा, सरकली आहे, कंबर त्यामुळेच दुखते, ती ‘बसवून’ घ्या. डावी-उजवी बाजू वरखाली लागली, तर एक पाय आखूड आहे. हा सल्ला सध्या फार फिरतोय. एकेक दावा पाहू.

पुढचं टोक खाली म्हणजे बिघाड? ही दोन्ही टोकं, म्हणजे पुढचं एएसआयएस आणि मागचं, खळीजवळचं पीएसआयएस, एकाच हाडाची आहेत: श्रोणीच्या बाजूच्या रुंद हाडाची, इलियमची. त्यामुळे त्यांच्यातला उतार जितका उभं राहण्यावर ठरतो, तितकाच हाडाच्या घडणीवरही. 2008 मध्ये मृतदेहांच्या 30 श्रोणी एकाच तटस्थ स्थितीत, म्हणजे पुढची टोकं आणि जघनसंधी (श्रोणीची दोन हाडं समोर खाली जुळतात ती जागा) एका उभ्या प्रतलात ठेवून मोजल्या. पुढच्या-मागच्या टोकांमधल्या उताराचा कोन निघाला 0 ते 23 अंश! पुढे 2011 मध्ये 120 निरोगी माणसं तपासली, तेव्हा 85 टक्के पुरुषांत आणि 75 टक्के स्त्रियांत पुढचं टोक खालीच होतं. एवढे सगळे बिघडलेले म्हणायचे का?

शिवाय बोट नेमकं कुठे टेकवलं? एएसआयएस म्हणजे सुईचं टोक नव्हे, चांगला बोथट उंचवटा आहे. जाणकार अंगठा खालून वर सरकवत त्याच्या खालच्या कडेला अडकवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना निदान एकच जागा धरली जाते. वरून नुसतं चाचपलं तर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि त्यालाच मग ‘निदान’ म्हणतात.

डावं-उजवं वरखाली, म्हणून एक पाय आखूड? असू शकतो. पण एका पायावर भार टाकून उभं राहिलं तरी तसंच दिसतं, आणि दोन बाजूंची हाडं मुळातच हुबेहूब सारखी नसतात.

राहिलं ‘बसवणं’. सॅक्रोइलियाक सांधा, म्हणजे पाठीच्या कण्याचं खालचं टोक आणि इलियम यांच्यातला जोड, जाड अस्थिबंधांनी करकचून बांधलेला असतो. हलतो तो जेमतेम काही अंश. स्वीडनमध्ये 1998 साली 10 रुग्णांचा हा सांधा हाताने ‘बसवण्या’आधी आणि नंतर अचूक क्ष-किरण पद्धतीने मोजला. हाताने केलेल्या चाचण्या नंतर ‘सुधारल्या’, हाडं मात्र जागची हलली नव्हती. रुग्णाला बरं वाटलं तर ते खोटं नाही, पण हाड जागेवर आलं म्हणून नव्हे.

हा सांधा दुखू शकतो, गरोदरपणात तर विशेषच. मात्र ते ठरवताना फिजिओथेरपिस्ट सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देऊन ओळखीची कळ उठते का हे पाहतात. टोकांची उंची जुळवत बसत नाहीत.