'फुकटचे पैसे' म्हणणाऱ्या वाचकास

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. धनुर्वाताच्या इंजेक्शनने खांदा गेला म्हणून मी ग्राहक आयोगात चाललोय, त्यावर तुम्ही लिहिता, "सुई टोचली की दुखतंच, हे फुकटचे पैसे उकळायचे धंदे. शुगरवाल्यांचा खांदा तसाही आखडतो. आणि अमेरिकेत हे १९८६ पासून नाहीये."

शेवटचं आधी घेतो. अशा खांद्याला अमेरिकेत १९८६ पासून भरपाई मिळते, असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. चूक माझी. त्यांचा लसीच्या दुखापतींच्या भरपाईचा कायदा १९८६चा, पण लसीने झालेली खांद्याची दुखापत त्याच्या यादीत आली २०१७ ला. तिथे दुरुस्त केलंय, झालं समाधान?

आता 'फुकटचे'. विरोध करा ना, पण ही काय भाषा झाली? माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आईने विड्या वळून आम्हा तिघांना शिकवलं, तंबाखूने तिची बोटं कायमची पिवळी, पण कुणापुढे हात पसरला नाही. त्या घरातल्या माणसाला तुम्ही फुकट्या म्हणताय. समोर असता तर 'काय बे' असंच विचारलं असतं.

आणि फुकट म्हणजे काय ते ऐका. सगळ्यांना मोफत असलेल्या दवाखान्यातला पेशंट ग्राहक धरत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. मी खाजगीत पैसे भरले, पावती आहे, म्हणूनच जाता येतंय, तेही दोन वर्षांच्या आत. तिकडे अमेरिकेत लस घेतल्यावर ४८ तासांत दुखणं सुरू झालं आणि सहा महिन्यांवर टिकलं की चूक कुणाची ते सिद्ध करायला लागत नाही, आपल्याकडे तसा भरपाईचा फंडच नाही.

त्या दिवशी सिस्टरला घाई होती, बाही वर करायच्या ऐवजी कॉलरच खाली ओढली, मी उभा, त्याही उभ्या, आणि सुई गेली ती पार खांद्याच्या टोकाशी. हाडापासून दोन-तीन बोटं खाली, स्नायूत द्यायची असते. वर गेली की औषध सांध्याजवळच्या पिशवीत उतरतं आणि सूज धरते. त्याच रात्रीपासून हात वर जाईना. आठ महिने झाले, अजून बनियन घालायला बायको लागते. गड्ड्याच्या जत्रेत नातू खांद्यावर बसायचा हट्ट धरून रडला, त्याला काय सांगू, फुकटचे पैसे उकळतोय म्हणून?

शुगरचं म्हणाल तर ते वकील बघतील. आणि पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा.