गाडी लष्करी, मालक लहरी

लिलावात लष्करी ट्रक घेताना एक पथ्य पाळा: गाडी प्रत्यक्ष बघायला जाऊ नका. बघायला गेलं की चेसीखाली वाकावं लागतं, वाकलं की गंज दिसतो, आणि गंज दिसला की घेण्यातली मजाच जाते. फोटोत हिरवा रंग दिसतोय ना? मग झालं. लष्कराने ही गाडी काढून का टाकली, असले प्रश्न संशयी माणसांनी विचारावेत. तुम्ही हौशी आहात.

पहिलीच गाडी असेल तर अमेरिकी एम-३५ घ्या, सहा चाकांना ताकद देणारी, प्रसिद्ध ‘अडीच टनी’. अडीच टन हे तिच्या वजनाचं माप नाही. खडबडीत जमिनीवर ती एवढा माल वाहते. रिकामी गाडीच सहा टनांच्या आसपास भरते. घरी मात्र ‘अडीच टनी’ एवढंच सांगा. लहान वाटते.

गाडी आली की आधी चाक काढा. डाव्या बाजूचंच. पान्याला लांब पाइप अडकवा आणि नट नेहमीसारखा उलट दिशेने फिरवा. हलत नाही? पाइप आणखी लांब घ्या. तरी हलत नाही? वजनदार मित्राला बोलवा, त्याला पाइपवर उभं करा, थोड्या उड्या मारू द्या. आता ‘टक्’ असा आवाज येईल आणि पाना एकदम मोकळा होईल. अभिनंदन, स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो खिळा, तुटला. या गाडीच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे तुम्ही दोघं मिळून तासभर तो नट जिवाच्या आकांताने आवळत होतात. स्टडच्या तोंडावर ‘एल’ अक्षर ठोकलेलं असतं, पण ते गंज आणि रंगाच्या थराखाली असतं आणि तारेचा ब्रश मारल्याशिवाय दिसत नाही. ब्रश मारणं हे फिटरचं काम. आपण मालक. मागच्या जोडचाकांना तर नटाच्या आत आणखी एक नट असतो, तेव्हा मित्राला जेवायला थांबवून घ्या.

चाक निघालं की टायर उतरवू. रिमवर टायर अडवून धरणारी लोखंडी लॉक रिंग असते आणि हवेच्या दाबाने ती जागेवर बसलेली असते. माहीतगार मिस्त्री आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ देतो, नंतर रिंगला हात लावतो, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवतो. अशा रिंगा उडून माणसं मेली आहेत. ही भित्र्यांची कामं! तुम्ही रिंगवर वाकून बघा. जवळून चांगलं दिसतं.

ब्रेक शेवटी करायचे. आधी एलईडीचा पट्टा, मग हॉर्न, मग छतावरचं रॅक आणि उजेड उरला तर ब्रेक. एम-३५ च्या ए-२ आवृत्तीच्या हायड्रॉलिक ब्रेकला हवेची मदत असते, पण सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की सहाही चाकं एकदम निवृत्त होतात, त्यामुळे नेमकं कुठलं चाक धरत नाही हा शोध घ्यावाच लागत नाही. ब्रेक ऑइल कमी झालं तर हाताला लागेल ते ओता. अमेरिकी लष्कराने १९८०च्या दशकात डॉट-५ नावाचं सिलिकॉनचं जांभळं ब्रेक ऑइल वापरायला सुरुवात केली. ते साध्या डॉट-३ मध्ये मिसळत नाही, दोन्ही एकत्र आले की व्यवस्थित काम कुणीच करत नाही. पण तुमच्या मनात सर्वधर्मसमभाव आहे, तो मास्टर सिलिंडरमध्येही दिसू द्या.

आता वायरिंग. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. तुमचा रेडिओ १२ व्होल्टचा. कन्व्हर्टर घेण्यात पैसे कशाला घालवता? एकाच बॅटरीवरून वायर काढा. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होईल. चार्जिंग मात्र दोघींच्या बेरजेकडे बघून होतं, त्यामुळे शेजारची फुकट जास्त चार्ज खाऊन उकळेल. काही महिन्यांत दोन्ही जातील आणि ‘हल्ली बॅटऱ्या चांगल्या येत नाहीत’ हे वाक्य तुम्ही अनुभवाच्या जोरावर म्हणू शकाल.

इंजिन मल्टिफ्युएल आहे हे कळल्यावर तर तुमच्यातला शास्त्रज्ञ जागा होणारच. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीत पेट्रोलसुद्धा चालावं म्हणून ते बनवलं होतं. यातला ‘अडचणीत’ हा शब्द सोडून द्या. गॅरेजमधलं जळकं ऑइल, पाणी आणि लोखंडी चुऱ्यासकट, न गाळता टाकीत जाऊ द्या. इंजेक्शन पंपाच्या आतली फट केसाहून बारीक असते, पण तिलाही कधीतरी मोठं व्हायचं असतंच.

या सगळ्यात पुस्तकाला हात लावायचा नाही. अमेरिकी लष्कर प्रत्येक गाडीसाठी मॅन्युअल काढतं आणि त्याच्या क्रमांकातल्या शेवटच्या आकड्यावरून काम कुणाचं ते कळतं: १० असेल तर चालकाचं, २० असेल तर युनिटच्या मेकॅनिकचं, पुढचे आकडे मोठ्या वर्कशॉपचे. तरीही सैनिक वाचत नाहीत म्हणून १९५१ मध्ये देखभालीचं सचित्र मासिक सुरू केलं आणि त्यासाठी विल आयस्नरसारखा नावाजलेला चित्रकथाकार बसवला. इतकी माणसं, इतके डेपो, इतकी पुस्तकं पाठीशी होती म्हणून तो ट्रक कधीच थांबत नाही असं वाटायचं. लिलावात तुम्हाला ट्रक मिळाला. लष्कर मिळालं नाही. पण ग्रीसगनच्या प्रत्येक निपलपाशी वाकायला तुम्ही काय शिपाई आहात?

लष्करी गाडीचा कंटाळा आला तर जुना डॉज पिकअप घ्या, १९९४ ते ९८ मधला, बारा व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिनाचा. याच्या टायमिंग गिअरच्या बाजूला, कव्हरच्या आत, एक छोटी डॉवेल पिन, म्हणजे जागा नेमकी धरणारी खुंटी असते. ती कंपनाने सैल होऊन गिअरमध्ये पडते आणि केस फोडते. उपाय म्हणजे बोल्टखाली बसणारी एक चिमुकली पट्टी. कव्हर उघडलेलंच आहे, लावून टाका, असं मिस्त्री म्हणेल. त्याला थांबवा. पट्टी बसवली तर बाहेरून कुणाला दिसते? त्यापेक्षा पंपाची फ्युएल प्लेट, म्हणजे इंधनाला मर्यादा घालणारी पट्टी, घासा. इंधन वाढेल, हवा तेवढीच राहील आणि मागे काळाकुट्ट धूर निघेल. धूर म्हणजे न जळता बाहेर फेकलेलं तुमचंच डिझेल, पण मागून येणाऱ्यांना तो पराक्रम वाटतो. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवू नका. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनही त्याच कुळातला. चढावर काटा कुठे पोहोचला हे कळलं तर पाय ॲक्सिलरेटरवरून उठेल, मग कशाला केली इतकी घासाघास?

एक शेवटची सिद्धता राहिली. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा हवेची वाट बंद करायला जाड फळी जवळ ठेवा, असं जाणकार सांगतात. पंपातला इंधनाचं माप ठरवणारा रॅक अडकलेला असला तर इंजिन आवरत नाही, किंवा टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन वेग घेतं. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावी बंद करून काही होत नाही, आणि ऑइलवर चाललेल्या इंजिनाला इंधन बंद करणारा दांडाही ऐकू येत नाही. फक्त हवा तोडली तर ते थांबतं. पण फळी घेऊन उभं राहणं व्हिडिओत बरं दिसत नाही. फळी राहू द्या, एअर फिल्टरची नळी घट्ट बसवून टाका, म्हणजे ऐनवेळी काढता येणार नाही. सगळ्या मित्रांना बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उभं करा, मोबाइल आडवे धरायला सांगा आणि सेल्फ मारा.