चौथा आलेला मुलगा घ्या

ऑइलर्स, म्हणजे आमची एडमंटनची आइस हॉकी टीम, लागोपाठ तीन सामने हरली की आमच्या बेसमेंटमध्ये ठराव येतो: कुणाकडे तरी एखादा गुणी पोरगा वाया चालला असेल, तो ट्रेड करून, म्हणजे अदलाबदलीत, आणा. ठराव काका मांडतात. काका ऑगस्ट १९८८ मध्ये एडमंटनला उतरले. त्याच महिन्यात ऑइलर्सनी ग्रेट्स्कीसारखा थोर खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला होता. आपल्याला न विचारता ही टीम चालवतात, हा राग काकांच्या मनात तेव्हापासून आहे. बाहेर उणे अठ्ठावीस, गाड्यांच्या तोंडातून ब्लॉक हीटरच्या वायरी लोंबतायत, आत बटाटेवड्यांचा दुसरा घाणा निघतोय. अशा वेळी माणसाला दुसऱ्यांची मुलं सुधारावीशी वाटतात.

तुमच्याकडेही एक काका असतील, किंवा तुम्हीच काका असाल. म्हणून हा सल्ला. पोरगा जरूर आणा, फक्त रीतसर आणा.

पहिली गोष्ट, त्याचा खेळ बघू नका. खेळ बघितला की मत बिघडतं. बघायचा तो नंबर. पुण्या-नाशिकच्या मंडळींसाठी सांगतो (ही धनराज पिल्लेची हॉकी नव्हे, बर्फावरची; इथे चेंडू नसतो, रबराची चकती असते आणि मारामारीला पाच मिनिटं शिक्षा असते): एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये, दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या पोरांचा ड्राफ्ट होतो. टीमा आळीपाळीनं पोरं उचलतात आणि जो ज्या नंबरावर उचलला गेला, तो नंबर त्याला जन्माचा चिकटतो. आपल्याकडे दहावीला बोर्डात आलेला मुलगा असायचा ना, तसं. पुढे त्याला इंजिनिअरिंगला चार विषयांत केटी लागू दे, तो कुठे का नोकरी करू दे, लग्नाकार्यात ओळख करून देताना आत्या सांगणारच, ‘हा बोर्डात आला होता बरं का!’ तो बिचारा पन्नाशीचा, हातात जिलबीची वाटी. एनएचएलचे जनरल मॅनेजर त्या आत्याच असतात. फरक इतकाच, की आत्याला त्याचा पगार नसतो.

(इथे येऊन ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना बोर्डाच्या नंबराची किंमत कळली असेल, असं मला वाटायचं. तसं काही झालेलं नाही.)

कितवा घ्यावा? पहिला महाग पडतो. अल्बर्टाचा, म्हणजे एडमंटन आणि कॅल्गरी ज्यात येतात त्या आमच्या प्रांताचा, अनुभव विचाराल तर चौथा घ्या. २०१२ चा चौथा ग्रिफिन राइनहार्ट, २०१४ चा चौथा सॅम बेनेट, २०१६ चा चौथा येसे पुल्युयार्वी. या तिघांतला पहिला एडमंटननं हौसेनं विकत घेतला, दुसरा कॅल्गरीनं कंटाळून दिला, तिसरा एडमंटननं स्वतः निवडून स्वतःच घालवला. चौथ्या नंबरावर आमच्या प्रांताइतका अभ्यास कुणाचा नसेल.

ग्रिफिनच्या बाबतीत घराणं बघितलं होतं. वडील पॉल राइनहार्ट कॅल्गरीकडून खेळलेले, तिन्ही मुलं हॉकीत, पोरगा अंगानं थोराड, डिफेन्समन. न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला घेऊन तीन वर्षं झाली होती आणि एनएचएलचे जेमतेम आठ सामने खेळवले होते. सामान्य माणसाला इथे शंका येते, की ज्यांनी पाळला-पोसला त्यांनाच हा नको असेल तर काही कारण असेल. तुम्ही सामान्य नाही. तुम्ही म्हणा, ‘त्यांना वापरता आला नाही.’ जून २०१५ मध्ये, ऐन ड्राफ्टच्या दिवशी, एडमंटननं त्याच्यासाठी आपले सोळाव्या आणि तेहेतिसाव्या नंबरचे पिक (त्या नंबरावर पोरगा उचलायचा हक्क) दिले. पिक देताना हात आखडू नका. पिक म्हणजे काय, नुसता आकडा. त्याला ना चेहरा ना वजन, तो थोडाच पॉवर प्लेवर (समोरचा गडी शिक्षेला बसला की मिळणाऱ्या चढाईत) खेळतो? आयलंडर्सनी त्या सोळाव्या नंबरावर मॅथ्यू बार्झाल उचलला. २०१८ मध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून काल्डर ट्रॉफी मिळाली. ग्रिफिन एडमंटनकडून एकोणतीस सामने खेळला. २०१७ मध्ये नव्या टीमसाठी खेळाडू काढून द्यायचे होते तेव्हा व्हेगासनं त्याला नेला आणि एनएचएलच्या बर्फावर तो पुन्हा दिसला नाही.

घराण्याचा अंदाज मात्र अचूक होता. ग्रिफिनचा धाकटा भाऊ सॅम २०२१ मध्ये बफेलोहून फ्लोरिडाला गेला. २०२४ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात एडमंटनविरुद्ध निर्णायक गोल त्याचा. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा एडमंटन, आणि शेवटच्या सामन्यात एकट्या त्याचे चार. तेव्हा घराणं बघायचं सोडू नका. भाऊ चुकतो कधी कधी.

नंबर झाला, घराणं झालं. आता पोरगा का अडखळतोय, याचं कारण ठरवायचं. इथे फार डोकं चालवू नका. कारण एकच: तिथली हवा मानवत नाही. इंग्रजी वार्ताहर यालाच मोठं नाव देतात, आपल्याकडे शब्द जुना आहे, हवापालट. पूर्वी क्षयाच्या रोग्याला पाचगणीला पाठवत, तसं गोल न होणाऱ्या विंगरला, म्हणजे कडेनं चढाई करणाऱ्याला, दुसऱ्या गावी पाठवतात. आणि पुरावा पाहिजे तर बेनेटचा द्या.

२०१४ च्या ड्राफ्टच्या आधी पोरांची शारीरिक चाचणी झाली, त्यात बेनेटला एकही पुलअप मारता आला नाही. एकही नाही. ही बातमी इतकी गाजली, की आमच्या मुलानं बेमुदत हट्ट धरून बेसमेंटच्या दारात पुलअपचा बार लावून घेतला आणि तीन मारून दाखवले. ‘बाबा, मी चौथ्या नंबरपेक्षा भारी आहे.’ तो बार अजून तिथेच आहे, हल्ली त्यावर ओले मोजे वाळतात. तरीही कॅल्गरीनं बेनेटला घेतला. १९ वर्षांचा असताना त्यानं एका सामन्यात चार गोल केले, तेही नेमके फ्लोरिडाविरुद्ध, आणि मग वर्षानुवर्षं तो तिसऱ्या लाइनवर (लाइन म्हणजे आळीपाळीनं उतरणारी फळी; तिसरी-चौथी दुय्यम), कधी या कडेला कधी त्या, असा घासत राहिला. चारशेच्या वर सामने, ६७ गोल. एप्रिल २०२१ मध्ये कॅल्गरीनं त्याला फ्लोरिडाला दिला आणि बदल्यात दुसऱ्या फेरीचा एक पिक आणि एमिल हाइनमन नावाचा तरुण घेतला. फ्लोरिडानं बेनेटला मधल्या जागेवर, सेंटरला उभा केला, शेजारी ह्युबर्डोसारखा पास देणारा दिला, आणि भरपूर वेळ बर्फावर ठेवला. पहिल्या दहा सामन्यांत १५ पॉइंट (गोल आणि गोलाचे पास मिळून).

या शेवटून दुसऱ्या वाक्यात जागा, शेजार आणि मिनिटं असे तीन तपशील शिरलेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्यात पडलात तर ‘आपल्याकडे त्याला कुठली जागा आहे?’ हा प्रश्न निघेल आणि ठराव बारगळेल. श्रेय हवेलाच द्या. समुद्रकिनारा, नारळाची झाडं, जानेवारीत अर्धी चड्डी. कुणीही गोल करील.

कुणी आगाऊपणे नाइल याकुपोव्हचं नाव काढलं तर विषय बदला. तो २०१२ चा पहिला, म्हणजे बोर्डात पहिला. पहिल्याच मोसमात लॉस एंजेलिसविरुद्ध पाच सेकंदही उरले नसताना बरोबरीचा गोल करून गडी गुडघ्यांवर घसरत अख्खं मैदान पार करून गेला होता. काकांनी तेव्हा सोफ्यावरून उडी मारली होती. त्या सोफ्याची एक स्प्रिंग आजही बोचते. ४८ सामन्यांच्या त्या तोकड्या मोसमात त्याचे १७ गोल झाले. उन्हाळ्यात त्याच्या कोचला स्काइपवरून नारळ दिला, मग नवा कोच, मग आणखी नवा. प्रत्येकानं त्याला खेळ पहिल्यापासून शिकवायला घेतला. २०१६ मध्ये तो सेंट लुइसला गेला. हवापालट झाली, उपयोग नाही. मग डेन्व्हर. डेन्व्हर तर पाचगणीपेक्षाही उंच, तरी गुण आला नाही. शेवटी रशिया.

समजा पोरगा मिळाला. विमानतळावर उतरला, त्याचा तेलकट-निळा स्वेटर शिवून तयार आहे. आता खरं काम. त्याला पहिले तीन सामने आमच्या सर्वांत भारी गड्याच्या, मॅकडेव्हिडच्या, शेजारी खेळवा. गोल झाले तर ते मॅकडेव्हिडमुळे. नाही झाले तर मॅकडेव्हिडच्या शेजारीही होत नाहीत, म्हणजे बघा. चौथ्या सामन्याला त्याला चौथ्या लाइनवर टाका, रात्रीची आठ मिनिटं द्या, आणि त्या आठ मिनिटांत ‘काहीतरी करून दाखव’ म्हणा. पाचव्याला खेळवूच नका, सूट घालून वर प्रेस बॉक्समध्ये बसवा, पॉपकॉर्न द्या. आधीच्या टीमनं नेमकं हेच केलं होतं असं कुणी म्हणालं तर सांगा, आमची पद्धत वेगळी आहे, आमचं पॉपकॉर्न ताजं असतं.

दुखण्याखुपण्याची चौकशी तर मुळीच करू नका. पुल्युयार्वी आला तेव्हा अठरा वर्षांचा, सहा फूट चार इंच, त्याच वर्षी हेलसिंकीत झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. इंग्रजी यथातथाच. (पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी ‘डबल-डबल’ म्हणजे दुप्पट क्रीम, दुप्पट साखर हे न कळून मी दोन कॉफ्या घेऊन आलो होतो. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, इंग्रजी माध्यमातला, आणि मला कुणी पॉवर प्लेवर खेळायला सांगितलं नव्हतं.) त्याला कधी वर खेळवला, कधी बेकर्सफिल्डला खालच्या लीगमध्ये पाठवला. तो वैतागून फिनलंडला परत गेला, एक मोसम तिथे खेळून पुन्हा आला, बऱ्यापैकी खेळलाही. मग पुन्हा चकती जाळ्यावरून जायला लागली. आमच्या बेसमेंटमध्ये निदान पक्कं होतं: आत्मविश्वास नाही. काकांनी तर ‘मन लावून खेळत नाही’ असंही निदान केलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑइलर्सनी त्याला कॅरोलायनाला दिला, बदल्यात तोवर एनएचएलचा एकही सामना न खेळलेला पॅट्रिक पुइस्तोला घेतला. त्या उन्हाळ्यात पुल्युयार्वीच्या दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही. म्हणजे मन लावत होता, खुबे लागत नव्हते. पण निदान करताना तुम्ही खुब्यापर्यंत उतरू नका. मनच बरं, त्याचा एक्स-रे निघत नाही.

आणि दुसऱ्याचा पोरगा शोधायला जाताना आपलं घर उघडं टाकायला विसरू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसनं आमच्या दोन पोरांना, फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवेला, एकाच दिवशी ऑफर शीट, म्हणजे ‘आमच्याकडे या’ म्हणून कराराचा प्रस्ताव, पाठवली. दोघेही आमचेच पहिल्या फेरीतले, दोघेही ‘अजून तयार नाहीत’ या रकान्यातले. तितकेच पैसे देऊन ठेवून घ्यायला आठवडाभराची मुदत असते. ऑइलर्सनी ती मुदत पूर्ण वापरली आणि दोघांना जाऊ दिलं. नियमाप्रमाणे एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक हातात पडला. हॉलोवेनं पुढच्याच मोसमात २६ गोल आणि ६३ पॉइंट केले. त्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये ठराव आला, की आपल्याला एखादा तरुण, चपळ, स्वस्त विंगर ट्रेड करून आणायला हवा. वड्यांच्या घाण्यावर काकू होत्या, त्या म्हणाल्या, ‘होता की एक.’ ठरावाच्या वहीत ही नोंद नाही.

किंमत, कॅप (टीमच्या पगारावरची मर्यादा), कराराची वर्षं वगैरे गोष्टी आहेत, त्या तुमच्या तुम्ही बघा, कंटाळवाण्या असतात.

राहता राहिलं एक. ट्रेड फसला तर काय आणि जमला तर काय, तुम्ही ‘मी आधीच म्हणालो होतो’ म्हणायच्या जागेवर असलं पाहिजे. १७ जून २०२५ ची रात्र. फ्लोरिडानं ५-१ नं मारलं, विजेत्यांचा स्टॅन्ली कप लागोपाठ दुसऱ्यांदा आमच्या डोळ्यांदेखत नेला, आणि प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी दिली गेली सॅम बेनेटला. त्या प्लेऑफमध्ये १५ गोल. बेसमेंटमध्ये कुणी टीव्ही बंद करेना. काका पुढे सरकून बसले, स्प्रिंग वाजली.

‘मी २०२१ लाच सांगितलं होतं,’ काका म्हणाले, ‘हा घ्या म्हणून.’

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे बेसमेंट बंद होतं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, त्यामुळे काका काय म्हणाले होते ते ग्रुपवर आहे. मी फोन काढून मागे मागे गेलो. सापडलं. ‘त्या पोराला एक पुलअप येत नाही. कॅल्गरीची ब्याद टळली, फ्लोरिडाचं देव भलं करो.’ खाली हात जोडल्याचं चिन्ह, आणि सात जणांचे अंगठे. सातातला एक माझा.

फोन परत खिशात ठेवला. काका उठले, ‘चला, उद्या कामं आहेत’ म्हणाले, आणि दारातल्या बारखालून, मोज्यांना डोकं लागू नये म्हणून वाकून, जिना चढून गेले.